कैरीला मीठ लावले की पाणी बाहेर येते, मग मीठ आत कसे जाते?

१. तांबडीमाती
मिस्कुटाचा, म्हणजे कैरीच्या फोडींच्या लोणच्याचा, हंगाम आहे म्हणून हा धागा. फोडींना मीठ चोळून ठेवले की तासाभरात पातेल्याच्या तळाशी पाणी जमते. त्याचे पुस्तकी उत्तर सगळ्यांना पाठ आहे: बाहेरचे द्रावण अतिपरासारी, म्हणजे पेशीतल्या रसापेक्षा दाट, पेशीपटल अर्धपारगम्य, ते पाण्याला वाट देते, मिठाला देत नाही. इथपर्यंत मान्य. पण पंधरा दिवसांनी तीच फोड मध्यापर्यंत खारट लागते. चेपणीची तोरे, म्हणजे मिठात मुरवलेल्या कोवळ्या कैऱ्या, तर अख्खी, सालासकट, सुरीही न लावलेली. तरी बाठीपर्यंत खारट! पटल मिठाला वाट देत नसेल तर मीठ शिरले कुठून? बारावीच्या वर्गात हे विचारले तर काय सांगावे? नेमके उत्तर हवे. 'निसर्गाची किमया' नको.

२. भिरंडसोल
अर्धपारगम्य म्हणजे सरकारी खिडकी. अर्धा वेळ उघडी, अर्धा वेळ जेवणाची सुट्टी. मीठ सुट्टी संपल्यावर आत गेले.

३. पेशीरस_पर्वरी
एका ओळीत: जिवंत पेशीत मीठ शिरत नाही, मेलेल्या पेशीत शिरते, आणि बरणीतली कैरी मेलेली असते.

आता सविस्तर. १ किलो फोडींना १५० ग्रॅम मीठ धरा. कैरीत पाणी ८५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे साधारण ८५० ग्रॅम. सगळे मीठ त्यात विरघळले असे समजले तर किलोभर पाण्यामागे ३ मोल मीठ होते. सोडियम आणि क्लोराइड वेगळे होतात, म्हणून परासरणाच्या हिशेबात ते जवळजवळ दुप्पट, ६ धरायचे. रक्ताचा हाच आकडा ०.३ आहे. म्हणजे शेवटी २० पट. आणि हे शेवटचे झाले. पहिल्या तासात मीठ फोडीवरच्या पातळ ओलाव्यात विरघळते, तिथे ते संपृक्त असते, वजनाने २६ टक्के. पेशीला बसणारा पहिला फटका तो.

पाणी निघते ते मुख्यतः रिक्तिकेतून, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशवीतून, कारण पूर्ण वाढलेल्या वनस्पतिपेशीत बहुतेक जागा रिक्तिकेनेच व्यापलेली असते. ती आकसली की पटल त्याच्याबाहेरच्या कडक भित्तिकेपासून सुटते. हाच रससंकोच. इथे एक गोष्ट पुस्तकात नीट सांगत नाहीत: भित्तिका आणि पटल यांच्या मधल्या फटीत काय असते? हवा नव्हे, पोकळीही नव्हे. तिथे बाहेरचे खारट पाणीच असते. भित्तिकेची छिद्रे काही नॅनोमीटरची, पाण्याने वेढलेला सोडियम आयन १ नॅनोमीटरहूनही लहान. भित्तिका त्याला अडवतच नाही. म्हणजे पहिल्या तासाला फोड चाखली तर ती खारट लागते, पण ते मीठ पेशींच्या मधल्या जागेत असते, पेशींच्या आत नाही.

त्यानंतर पेशी मरतात. आकसताना पटल भित्तिकेला जिथे जिथे चिकटलेले असते तिथे ताणले जाऊन फाटते. रिक्तिकेचेही स्वतःचे पटल असते, तेही टिकत नाही. कैरीचा सगळा आंबटपणा त्या रिक्तिकेत कोंडलेला असतो. तिच्याबाहेरच्या पेशीद्रव्याचा सामू (जितका कमी तितके आंबट) ७ च्या थोडा वर, आतल्या रसाचा ३ च्या आसपास. हे पटल फुटले की पेशी स्वतःच्याच आंबटात बुडते. मग अडवायला कोणी उरत नाही, उरते ते साधे विसरण, म्हणजे दाट जागेकडून विरळ जागेकडे आपोआप पसरणे.

विसरणाचा वेग काढता येतो. नुसत्या पाण्यात मिठाला १ सेंटिमीटर जायला साधारण ९ तास लागतात. फोडीत त्याहून जास्त. अंतर दुप्पट झाले की वेळ चौपट. तोराला वरून मेणाचा थर, मीठ आत जाणार ते देठाच्या खुणेतून आणि सालीवरच्या बारीक ठिपक्यांतून. म्हणून फोडीला दिवस, तोराला आठवडे.

४. तांबडीमाती
वा! 'फटीत खारट पाणी असते' हे एक वाक्यच वर्गासाठी पुरे.

५. रसायनकार
पर्वरीकरांच्या पहिल्या ओळीला हरकत. 'जिवंत पेशीत मीठ शिरत नाही' हे फार ठाम झाले. शिरते, हळूहळू गळत शिरते, आणि पेशी ते बाहेर फेकत राहते किंवा रिक्तिकेत कोंडते. खारफुटीचे सगळे आयुष्य त्यावरच चालते.

दुसरे, 'अर्धपारगम्य' हा शब्दच या गोंधळाचे मूळ आहे. तो जन्मला कृत्रिम पटलांसाठी. त्राउबे यांनी १८६७ मध्ये आणि फेफर यांनी १८७७ मध्ये तांब्याच्या फेरोसायनाइडचे पटल वापरले. ते खरेच द्रावक तेवढा सोडायचे. जिवंत पटल तसे नाही. ते काहींना सहज, काहींना दाराने, काहींना ढकलून पाठवते आणि काहींना परत हाकलते. बालभारतीच्या पुस्तकांतला 'निवडक्षम पारपटल' हा शब्द उच्चारायला जड आहे, पण बरोबर आहे.

६. पेशीरस_पर्वरी
मान्य. 'तासाभराच्या हिशेबात शिरत नाही' असे वाचावे. नुसत्या लिपिडाच्या पटलातून पाणी सोडियमच्या निदान अब्जपट सहज जाते. दोघांच्या वेगात एवढी दरी असल्यामुळेच पातेल्यात पाणी आधी दिसते.

७. नववीचा_विद्यार्थी
सर, पटल चाळणीसारखे असते ना? पाण्याचा रेणू लहान म्हणून जातो आणि मिठाचा मोठा म्हणून अडतो?

८. रसायनकार
नाही. आधी ही चाळणी डोक्यातून काढ. सोडियमचा आयन पाण्याच्या रेणूपेक्षा मोठा नाही. तो अडतो त्याच्या विद्युतभारामुळे. पाण्याचे रेणू त्याला चिकटून असतात, आणि ते सोडून तेलात शिरणे त्याला फार महाग पडते. उलट ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, भूल देणारी द्रव्ये, मद्यार्क हे तेलाशी जमवून घेतात, ते सरळ आरपार जातात. साखर भारित नाही, पण पाण्याला धरून राहणारी आणि आकाराने मोठी, म्हणून तीही अडते. प्रश्न आकाराचा कमी, तेलाशी पटते की नाही याचा जास्त.

पटल म्हणजे तेलाचा दुपदरी पापुद्रा. फॉस्फोलिपिडच्या रेणूला पाणी आवडणारे एक डोके आणि पाणी टाळणाऱ्या दोन शेपट्या. पाण्यात टाकले की शेपट्या आत आणि डोकी दोन्ही बाजूंना बाहेर असे ते आपसूक बसतात. जाडी साधारण ५ नॅनोमीटर. असे १०,००० पापुद्रे एकावर एक रचले तर ०.०५ मिलिमीटर भरतात, एका बारीक केसाएवढे.

९. दुपदरी
दुपदरी आहे हे कसे कळले, ते या धाग्यावर यायलाच हवे. १९२५ मध्ये खोर्टर आणि ग्रेंडेल या दोन डच संशोधकांनी तांबड्या रक्तपेशींतले लिपिड ॲसिटोनने काढले आणि पाण्यावर एकपदरी पसरवून क्षेत्रफळ मोजले. पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरले. म्हणून दोन पदर. तांबडी पेशीच का? कारण सस्तन प्राण्यांच्या पक्व तांबड्या पेशीत केंद्रक नाही, आत दुसरी पटले नाहीत. जे लिपिड मिळाले ते सगळे बाहेरच्या पटलाचे.

गंमत पुढे आहे. ॲसिटोनने लिपिड पूर्ण निघत नाही, म्हणजे मोजलेले लिपिड कमी. आणि त्यांनी पेशीचा पृष्ठभागही प्रत्यक्षापेक्षा कमी धरला होता. दोन चुका एकमेकींना खाऊन गेल्या आणि उत्तर बरोबर आले.

१०. भिरंडसोल
परीक्षेत असे झाले तर गुण देता का हो?

११. दुपदरी
पायऱ्यांचे कापतो.

१२. साळावलीचे_पाणी
पटल तेलाचे, आणि तेल पाण्याला दूर ठेवते. मग पाणी तरी का जाते? क्रमांक ८ मध्ये हे निसटले.

१३. पेशीरस_पर्वरी
चांगले पकडले. नुसत्या दुपदरी थरातूनही पाणी थोडे झिरपते, कारण रेणू लहान आणि भाररहित. पण वेग हवा असेल तिथे ॲक्वापोरिन नावाचे प्रथिन असते. पीटर आग्रे यांना ते तांबड्या रक्तपेशीत सापडले. १९९२ मध्ये ते बेडकाच्या अंड्यात बनवून दाखवले: साधी अंडी कमी क्षारांच्या पाण्यात शांत बसून राहिली, ॲक्वापोरिनवाली फुगून फुटली. २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना आणि पोटॅशियमच्या वाहिनीची, म्हणजे त्याला वाट देणाऱ्या प्रथिनाची, रचना उलगडणाऱ्या रॉडरिक मॅकिनन यांना विभागून मिळाले.

एका ॲक्वापोरिनमधून सेकंदाला सुमारे ३०० कोटी पाण्याचे रेणू, एकामागून एक, रांगेने जातात. आणि तरीही हायड्रोजनचा आयन जात नाही. तो गेला असता तर पेशीने मेहनतीने राखलेला सामूचा फरक त्याच भोकातून वाहून गेला असता.

पोटॅशियमची वाहिनी त्याहून मजेची. पोटॅशियम आयन सोडियमपेक्षा मोठा, तरी मोठा जातो आणि लहान अडतो, १०,००० ला १ अशा प्रमाणात. वाहिनीच्या गळ्यात ऑक्सिजनचे अणू असे बसवलेले असतात की पोटॅशियमला पाणी सोडल्याची भरपाई नेमकी मिळते. सोडियम त्या मापात ढिला पडतो, त्याला भरपाई मिळत नाही. चाळणीच्या कल्पनेला एवढे एक उदाहरण पुरे.

१४. खाजनवाला
गोव्याच्या पोरांना समजावायला आपली मानस आहे की! खाजन, म्हणजे खाडीकाठचे बांध घातलेले शेत; त्याच्या बांधात मानशीचे दार. भरतीला पाण्याच्या दाबाने आपोआप मिटते, ओहोटीला आतले पाणी रेटून उघडते. बांध म्हणजे लिपिड, मानस म्हणजे प्रथिन.

१५. रसायनकार
वाहिनीपुरते छान. दार उघड-मीट होते, आणि पाणी जाते ते स्वतःच्या पातळीनेच. पण पंपाला हे उदाहरण लावू नका. मानस ओहोटीला पाणी सोडेल, भरतीच्या विरुद्ध पाणी उपसून टाकणार नाही. त्याला डिझेल लागेल. पेशीत ते डिझेल म्हणजे एटीपी. सोडियम-पोटॅशियम पंप एका एटीपीमागे ३ सोडियम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. प्राण्यांच्या पेशीला भित्तिका नाही. हा पंप थांबला तर सोडियम आत साचतो, मागोमाग पाणी येते आणि पेशी फुगते.

दुसरे म्हणजे, बांध मातीचा आणि जागच्या जागी. पटल द्रव आहे. मानस बांधातून वाहत दुसऱ्या गावाला गेली तर जसे, तशी प्रथिने पटलात फिरतात. १९७० मध्ये फ्राय आणि एडिडिन यांनी उंदराची आणि माणसाची पेशी एकमेकींत विरघळवून एक केली. दोघींची प्रथिने वेगळ्या रंगांच्या खुणेने ओळखता येत होती. ३७ अंशांवर ४० मिनिटांत ती मिसळून गेली, थंडीत मिसळली नाहीत. सिंगर आणि निकोल्सन यांचे द्रव-मोझेक प्रारूप १९७२ चे, यानंतरचे.

१६. कुर्लीप्रेमी
हा पंप सापडला कुठे ते कोणी सांगितलेच नाही. कुर्लीत, म्हणजे खेकड्यात! डेन्मार्कचे येन्स स्को यांनी १९५७ मध्ये किनाऱ्यावरच्या कुर्ल्यांच्या पायांतल्या मज्जातंतूंवर काम केले. ४० वर्षांनी, १९९७ मध्ये, नोबेल. आपल्याकडे कुर्लीचे शाकुती करून विषय संपवतात.

१७. भिरंडसोल
पायांतच नोबेल होते आणि आपण ते चोखून टाकले. अरेरे.

१८. प्रयोगवही
थोडे प्रयोगाकडे. जून-जुलैत हायर सेकंडरीत रिओ या शोभेच्या झाडाच्या पानावर आणि बीटवर प्रात्यक्षिके होतात, आणि दरवर्षी त्याच चुका होतात.

रिओ: पानाची जांभळी, म्हणजे खालची बाजू तिरकी फाडून पातळ साल काढा. रंग रिक्तिकेत असल्याने संकोच झालेला लगेच दिसतो. पांढऱ्या कांद्याची साल घेऊन 'काही दिसत नाही' म्हणू नका, काही दिसणारच नाही. रिओ नसेल तर लाल कांद्याच्या पाकळीची बाहेरची साल घ्या. साल पाण्याच्या थेंबात ठेवा, वर कव्हरस्लिप. एका कडेला द्रावणाचा थेंब, दुसऱ्या कडेला टिपकागद. म्हणजे साल न हलवता द्रावण बदलते.

नेहमीची चूक म्हणजे १० टक्के मिठाचे पाणी. संकोच झटकन होतो, सगळे खूश. मग साध्या पाण्यात परत टाकले की पेशी फुगत नाहीत, आणि मुले लिहितात 'रससंकोच कायमचा असतो'. तो कायमचा नाही, तुम्ही पेशी मारल्या. ३ ते ४ टक्के पुरे, आणि १० मिनिटांत परत पाण्यात.

आकडा काढायचा असेल तर साखर घ्या. ०.१ मोलर म्हणजे लिटरला ३४.२ ग्रॅम. ०.१ ते ०.६ पर्यंत सहा द्रावणे, प्रत्येकात १५ मिनिटे, प्रत्येकी निदान ५० पेशी मोजा. जिथे निम्म्या पेशींत संकोच सुरू झालेला दिसतो ते द्रावण पेशीरसाच्या बरोबरीचे. ते ०.३ मोलर आले तर २७ अंशांवर परासरण दाब साडेसात बारच्या जवळ येतो. गाडीच्या टायरमध्ये २ बारच्या थोडी वर हवा असते, तुलनेला.

आणि एक साल आधी उकळून घ्या. तिच्यात संकोच होत नाही. ही तुलना नसेल तर प्रयोग अर्धा, कारण संकोच भित्तिकेमुळे नाही, जिवंत पटलामुळे होतो हे तीच दाखवते.

१९. नववीचा_विद्यार्थी
आणि बीट?

२०. प्रयोगवही
बीटचा रंगही रिक्तिकेत. बाहेर यायला त्याला दोन पटले ओलांडावी लागतात. ५ मिलिमीटर व्यासाचे, १ सेंटिमीटर लांबीचे सारखे तुकडे कापा. कापताना फुटलेल्या पेशींचा रंग निघून जाईपर्यंत गार पाण्याने धुवा, धुतलेले पाणी अगदी स्वच्छ दिसले पाहिजे. इथेच बहुतेकांची गडबड होते: धुणे आवरते घेतात, आणि मग ३० अंशांच्या नळीतही लाल पाणी.

३०, ४०, ५०, ६०, ७० अंशांच्या प्रत्येकी १० मिलिलिटर पाण्यात तुकडे सारखाच वेळ ठेवा, काढा, नळी हलवा, कलरीमीटरमध्ये हिरवी काच लावून मोजा. ४० पर्यंत फारसे काही नाही, ५० ते ६० च्या दरम्यान आलेख एकदम चढतो. पटलातली प्रथिने उष्णतेने विस्कटतात, लिपिडही सैल होते. ८० च्या पुढे आकडा कधी कधी उतरतो. तेव्हा पटल सुधारले असे लिहू नये, रंगद्रव्यच उष्णतेने नासते.

२१. साळावलीचे_पाणी
थंडीचे काय? कैरीच्या फोडी फ्रीजरमध्ये ठेवून बाहेर काढल्या की मऊ लिबलिबीत होतात. तिथे उष्णता नाही, मीठ नाही.

२२. पेशीरस_पर्वरी
तिथे बर्फ आहे. घरचा फ्रीजर हळू गोठवतो. बर्फ आधी पेशींच्या मधल्या पाण्यात होतो. पाणी बर्फात गेले की उरलेल्या पाण्यातले क्षार दाट होतात, आणि मग पेशीतले पाणी बाहेर ओढले जाते, म्हणजे मीठ न लावताच मीठ लावल्याचा परिणाम. शिवाय मोठे स्फटिक पटलाला फाडतात. वितळल्यावर रस गळतो तो याचा. फोडीचा कडकपणा होता आतल्या पाण्याच्या दाबामुळे, आणि पटल फाटल्यावर दाब राहत नाही. कारखान्यात फार वेगाने गोठवतात ते स्फटिक बारीक राहावेत म्हणून.

२३. बरणीतली_कैरी
पण मग मिठात मुरलेले तोर का मऊ होत नाही? सुरकुततो, पण दाताखाली कडक असतो. दाब तर तिथेही गेला.

२४. रसायनकार
तो कडकपणा भित्तिकेतल्या पेक्टिन या चिकट द्रव्याचा. पेक्टिनच्या साखळ्यांना कॅल्शियम एकमेकींशी बांधून ठेवते. म्हणून काही ठिकाणी लोणच्याच्या फोडी आधी चुन्याच्या निवळीत बुडवतात. पटलाशी त्याचा संबंध नाही. कुरकुरीत ताजी फोड म्हणजे पाण्याचा दाब, कडक मुरलेली फोड म्हणजे पेक्टिन. पेक्टिन विरघळवणारी विकरे जागी राहिली तर तोर पिचपिचीत होतो, आणि मीठ कमी पडले की तेच होते.

२५. कुर्लीप्रेमी
खोबरेल थंडीत थिजते आणि तारल्याचे तेल थिजत नाही, याचा पटलाशी संबंध आहे ना?

२६. दुपदरी
तत्त्व तेच, जागा वेगळी. तुम्ही म्हणता ते साठवलेले मेद, पटल नव्हे. खोबरेलात सरळ, संतृप्त साखळ्या जास्त, त्या नीट रचल्या जातात, म्हणून २४ अंशांच्या आसपास थिजते. मासळीच्या तेलातल्या असंतृप्त साखळ्यांना बाक असतात, त्या घट्ट रचल्या जात नाहीत. पटलातही असेच: थंडीत राहणारे जीव पटलात बाकवाल्या साखळ्या वाढवतात, म्हणजे ते द्रव राहते. प्राण्यांत कोलेस्टेरॉलही असते. गरमीत ते पटल फार सैल होऊ देत नाही, थंडीत थिजू देत नाही. बदनाम आहे ते रक्तातल्या वाहतुकीमुळे, पटलात त्याच्याशिवाय चालत नाही.

२७. पेडण्याचो_पाव
अत्यंत महत्त्वाचा शास्त्रीय प्रश्न. मद्यार्क पटल विस्कटतो, सॅनिटायझर त्यावरच चालतो. मग फेणीने हात धुतले तर?

२८. रसायनकार
काजूची फेणी साधारण ४२-४३ टक्के. हाताला लागतो ६० ते ८०. कमी पडते. आणि ९५ टक्केही ७० इतका चांगला नाही, कारण प्रथिने विस्कटायला थोडे पाणी लागते. साबण सगळ्यात स्वस्त: त्याचा रेणूही डोके-शेपटीवाला, पण शेपटी एकच, म्हणून तो पापुद्रा न करता गोळ्या करतो आणि विषाणूचे मेदाचे वेष्टन त्या गोळ्यांत विखरून टाकतो. ज्या विषाणूंना वेष्टनच नाही त्यांच्यावर मद्यार्क तेवढा चालत नाही.

२९. पेडण्याचो_पाव
म्हणजे फेणी पोटात, साबण हातावर. देव बरें करूं.

३०. नर्सबाय_मडगाव
मीठ-पाण्याचा विषय निघालाच आहे तर पावसाळ्यापूर्वी एक सांगते. जुलाबात नुसते पाणी किंवा नुसते मीठ-पाणी का पुरत नाही, याचे उत्तर पटलात आहे. आतड्याच्या पेशीवर एक वाहक प्रथिन असते, ते २ सोडियम आणि १ ग्लुकोज एकत्रच आत घेते. एकटे असले तर नाही. सोडियमच्या मागून पाणी जाते. कॉलरात आतडे पाणी बाहेर टाकत असते, पण हा वाहक शाबूत असतो. सोडियम आणि ग्लुकोज जोडीने जातात ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली. १९७१ च्या बांगलादेशी निर्वासितांच्या लोंढ्यात, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत, डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन अपुरे पडल्यावर मीठ-ग्लुकोजचे द्रावण तोंडाने द्यायला लावले. तेच ओआरएस.

ओआरएसचे सध्याचे प्रमाण, १ लिटरला: मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९. सोडियम ७५ आणि ग्लुकोजही ७५ मिलिमोल, बरोबरीत. पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात सपाट ६ छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. 'गोड लागत नाही' म्हणून साखर वाढवू नका. द्रावण दाट झाले की ते आतड्यातच पाणी ओढून घेते. बाटलीतली थंड पेये त्याच कारणाने नकोत.

३१. खाजनवाला
आणि आपली पेज?

३२. नर्सबाय_मडगाव
मीठ घातलेली पातळ पेज चांगली. पिष्टमय पदार्थ हळूहळू फुटून ग्लुकोज देतो, एकदम दाट होत नाही. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी. वरून प्यायला ठीक, पण ओआरएसच्या जागी नाही. लहान मूल मलूल झाले, लघवी थांबली, तर चमचे मोजत बसू नका, दवाखाना गाठा.

३३. आगरवाडो_मीठ
मूळ प्रश्नाच्या उलट बाजूने. सगळे म्हणताहेत मिठात पेशी मरते. मिठागरात मरत नाहीत असे जीव आहेत. एप्रिल-मेमध्ये वाफ्यातले पाणी गुलाबीसर दिसते, त्यात हॅलोआर्किया असतात. त्यांच्या पटलातले लिपिड वेगळेच: आपल्यात शेपट्या एस्टर बंधाने जोडलेल्या, त्यांच्यात ईथर बंधाने, आणि शेपट्यांना फांद्या. ते मीठ बाहेर ठेवून लढत नाहीत, आत पोटॅशियम भरून बाहेरची बरोबरी करतात. काहींच्या पटलात जांभळे प्रथिन असते, उन्हाच्या जोरावर हायड्रोजन आयन बाहेर ढकलणारे. साध्या पाण्यात टाकले की फुटतात.

जाड्या मिठात सुकवलेल्या मासळीवर कधी गुलाबी झाक येते ती यांचीच. लोणच्यात सहसा दिसत नाही, बहुतेकांना आंबट चालत नाही.

३४. खाजनवाला
क्रमांक ५ मध्ये खारफुटीचे अर्धेच सांगितले. चोडणच्या बाजूला दोन्ही प्रकार शेजारी दिसतात. आधारमुळांचा कांदळ मुळातच मीठ अडवतो: मुळाच्या आतल्या थरात भित्तिकांना मेणकट पट्टी असते, त्यामुळे पाण्याला तिथे निदान एकदा पटलातून जावेच लागते. तिवर काही मीठ आत घेतो आणि पानावरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतो, कोरड्या दिवशी पान चाटले तर कळते. आणि कोरगुट भात खाऱ्या खाजनात टिकते, तर साधे बियाणे पिवळे पडते.

३५. तांबडीमाती
धागा कुर्ली-फेणी करत चांगला फिरला. आता मूळ प्रश्नावर: पेशी मेल्यावर मीठ शिरते हे वर्गात दाखवायचे कसे? सूक्ष्मदर्शक एकच आहे.

३६. प्रयोगवही
सूक्ष्मदर्शकाशिवाय होते. कैरीच्या बोटाएवढ्या लांब, ३-४ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या कापा, सगळ्या सारख्या. सगळ्या १० टक्के मिठाच्या पाण्यात. मघाशी १० टक्के नको म्हटले ते पातळ सालीसाठी. पट्टीच्या आतल्या पेशींपर्यंत मीठ उशिरा पोचते.

पाव तासाने पहिल्या पट्ट्या काढा. ढिल्या पडलेल्या असतील, बोटावर वाकतात. साध्या पाण्यात अर्धा तास ठेवा: बऱ्याच पुन्हा ताठ होतात. दुसऱ्या पट्ट्या २४ तासांनी काढा, तशाच साध्या पाण्यात ठेवा. त्या ताठ होत नाहीत, कितीही वेळ ठेवा. आणि ते साधे पाणी चाखा: खारट आणि आंबट दोन्ही. आंबट आले म्हणजे रिक्तिका फुटली. वजनही करा, टिपून. पहिल्या गटाचे परत वाढते, दुसऱ्याचे मूळ वजनापर्यंत येत नाही.

३७. बरणीतली_कैरी
म्हणजे जेवणाआधी तोर पाण्यात घालून खारटपणा उतरवतो, ते याच मेलेल्या पटलामुळे जमते?

३८. पेशीरस_पर्वरी
अगदी. जिवंत असते तर मीठ आतही नसते गेले आणि बाहेरही नसते आले. चिरून पाण्यात घाला, पाणी दोनदा बदला. अख्खे ठेवले तर साल आडवी येते आणि रात्र जाते.

३९. भिरंडसोल
आणि मिस्कुटाच्या फोडींना सुटलेले पहिले पाणी? ते टाकतात बरेच जण.

४०. बरणीतली_कैरी
कशाला टाकता? बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा, हुमणात, म्हणजे माशांच्या आमटीत, सोलांऐवजी चालते. फक्त हुमणात वेगळे मीठ घालू नका.